एपवर्थची रेक्टरी: एका धर्मगुरूच्या घराची बांधणी

मित्रहो, आज ज्या घराबद्दल बोलायचं आहे ते इंग्लंडच्या ईशान्य भागात, लिंकनशायरच्या उत्तरेला एपवर्थ नावाच्या गावात आहे. जॉन वेस्ली आणि चार्ल्स वेस्ली या मेथडिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या प्रवर्तकांचं बालपण तिथे गेलं, म्हणून ते प्रसिद्ध आहे. दर्शनाला येणारे लोक वेस्ली बंधूंसाठी येतात. आपण आज भिंती, छप्पर, खिडक्या आणि त्यामागचा पैशाचा हिशेब यांच्याकडे पाहणार आहोत. हिशेबाचा मुद्दा आधीच सांगतो, कारण तो नीट कळला नाही तर इंग्लंडमधली कुठलीच रेक्टरी कळत नाही.

रेक्टर म्हणजे ज्या धर्मगुरूला त्याच्या पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, पूर्ण धर्मकर मिळत असे तो. धान्य, गवत, लाकूड यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्याचा. व्हिकार हाही पॅरिशचा धर्मगुरूच, पण त्याच्या वाट्याला धर्मकराचा लहान भाग येत असे. शिवाय रेक्टरला कसायला चर्चची जमीन आणि राहायला घर, तीच रेक्टरी. पण हे घर त्याच्या मालकीचं नसे. हयातीपुरता, किंवा तो पदावर असेपर्यंतचा हक्क तेवढा त्याचा. ते विकता येत नसे, मुलांना देता येत नसे, आणि दुरुस्ती मात्र स्वतःच्या खिशातून करावी लागे. ज्या घरात आपली मुलं पुढे राहणार नाहीत त्यावर माणूस किती खर्च करेल? या एका प्रश्नाचं उत्तर रेक्टरीच्या प्रत्येक भिंतीत सापडतं.

एपवर्थच्या जुन्या घराची नोंद १६०७ सालच्या एका यादीत आहे. त्या काळी चर्चच्या नियमानुसार प्रत्येक पॅरिशमधल्या चर्चच्या मालमत्तेची यादी करून बिशपकडे द्यावी लागे. या याद्या म्हणजे रेक्टरींच्या अभ्यासातला सर्वांत भरवशाचा कागद. एपवर्थची यादी सांगते: घर पाच खणांचं, सगळं लाकूड आणि गिलावा, वर गवती शाकारणी. तीन मजले. मुख्य खोल्या सात: स्वयंपाकघर, मधला हॉल, बैठकीची खोली, पेयं आणि भांडी ठेवायची कोठी आणि वरच्या अंगाला तीन मोठ्या खोल्या. आवारात सहा खणांचं मातीच्या भिंतींचं धान्याचं कोठार, कबुतरखाना आणि ताग (हेंप) वाळवायची भट्टी. एपवर्थ ज्या ॲक्सहोम भागात आहे तिथे तागाचं पीक मोठं होतं, आणि धर्मकर मालाच्या रूपात येई. म्हणजे धर्मगुरूच्या अंगणात धान्याचं कोठार आणि तागाची भट्टी असणं स्वाभाविकच होतं. रेक्टरी हे शेतावरचंही घर होतं, ही गोष्ट आज त्या नीटनेटक्या बागा पाहताना विसरायला होते.

खण म्हटल्यावर तुमच्यापैकी ज्यांनी वाडे मोजले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. तिथेही घर फुटांत मोजत नसत, लाकडी सांगाड्याच्या दोन चौकटींमधल्या अंतरात मोजत. फरक एवढाच की इंग्लंडमधला खण मोठा, साधारण पंधरा-सोळा फुटांचा. ओक लाकडाचे खांब आणि तुळया खोबणी-कुसवाने जोडायच्या, सांधा लाकडाच्याच खुंटीने पक्का करायचा, मधल्या जागेत काठ्यांचा कूड विणून त्यावर माती, गवत आणि शेण यांचा लेप द्यायचा, वरून चुना. ही बांधणी स्वस्त, उबदार आणि दुरुस्तीला सोपी असते. तिचा एकच शत्रू: आग.

ती आग ९ फेब्रुवारी १७०९च्या रात्री अकरा-बाराच्या सुमारास लागली. त्याआधी १७०२ मध्येही घराचा मोठा भाग जळाला होता. त्या वेळी रेक्टर होते सॅम्युएल वेस्ली. त्यांच्या पत्नी सुसॅना यांनी पत्रात जे लिहिलं आहे ते स्थापत्याच्या नजरेने वाचलं तर घराचा दोष लख्ख दिसतो. छपरातून ठिणग्या खाली, एका मुलीच्या पायांवर पडल्या. म्हणजे आग वरून खाली आली. गवती छपरात हे असंच होतं: वरचा थर पावसाने ओला असतो, आतला वर्षानुवर्षं वाळलेला, त्यामुळे आग आतल्या आत पसरते आणि खोलीत ठिणगी पडेपर्यंत कुणाला कळत नाही. दार उघडलं तेव्हा ईशान्येचा जोराचा वारा ज्वाळा आत ढकलत होता. पाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत राहिला. सॅम्युएल त्याला आणायला गेले, पण जळणारा लाकडी जिना त्यांचं वजन पेलेना. शेवटी मुलगा खिडकीशी आला, खाली एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला आणि त्याला बाहेर ओढलं. लगेच छप्पर कोसळलं. लोक या प्रसंगात दैवी हात पाहतात. बांधकाम पाहणाऱ्याने यात तीन गोष्टी पाहाव्यात: ज्वालाग्राही छप्पर, वरच्या मजल्याला लाकडी जिन्याखेरीज वाट नसणं, आणि आग अडवणारी भिंत मध्ये कुठेही नसणं.

आता नवं घर. ते लाल विटांचं बांधलं, साधारण वर्षभरात आणि सुमारे चारशे पौंड खर्चून. सॅम्युएलना पदापासून मिळणारं कागदोपत्री उत्पन्न वर्षाला सुमारे दोनशे पौंड होतं आणि कर्जापायी ते १७०५ मध्ये लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात बसून आले होते. अशा माणसाने दोन वर्षांची मिळकत एका घरात घातली, आणि तेही जे त्याच्या मुलांना मिळणार नव्हतं. हे घर पाहताना मला ही रक्कम विटांपेक्षा आधी दिसते. राणी ॲनच्या काळात (१७०२ ते १७१४) रूढ असलेल्या साध्या, प्रमाणबद्ध धाटणीचं ते घर आहे. दोन मजले आणि वर पोटमाळा. नक्षी जवळपास नाहीच. सगळं सौंदर्य विटेचा रंग आणि खिडक्यांचं अंतर यांत आहे. माझ्या मते पैसा कमी असण्याने या घराचं भलंच झालं.

वीटकाम कसं पाहायचं ते सांगतो. त्या काळची हाताने पाडलेली वीट साधारण ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद, अडीच इंच जाड. बाहेरची भिंत बहुधा दीड विटेची, म्हणजे साडेतेरा-चौदा इंच. भिंतीच्या तोंडाशी उभे राहा आणि एकच थर डावीकडून उजवीकडे वाचत जा. एक विटेची लांब बाजू, मग एक आखूड बाजू, पुन्हा लांब, पुन्हा आखूड, असा क्रम दिसला तर तो फ्लेमिश बॉंड. अठराव्या शतकात दर्शनी भिंतीला हाच पसंत. एक पूर्ण थर लांब बाजूंचा आणि पुढचा पूर्ण थर आखूड बाजूंचा असेल तर तो इंग्लिश बॉंड. बऱ्याच घरांत पुढची भिंत फ्लेमिश आणि मागची साध्या जोडणीची असते. काटकसर कुठे केली ते त्यावरून कळतं. भिंतीच्या मध्येच जोडणीचा क्रम मोडला असेल, विटांची उभी सरळ शिवण दिसत असेल, तर तिथे जुनं दार किंवा खिडकी बुजवली आहे किंवा घर तिथून पुढे वाढवलं आहे.

खिडक्यांबाबत एक बारकावा. लंडनमध्ये १७०९ मध्ये कायदा झाला की खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत बसवावी, म्हणजे शेजारची आग लाकडाला धरणार नाही. हा कायदा लंडन-वेस्टमिन्स्टरपुरता होता, खेड्यांना लागू नव्हता. पण गवंडी आणि सुतार शहरातली पद्धत उचलतात, त्यामुळे खेड्यांतही पुढे चौकटी आत सरकत गेल्या. चौकट भिंतीच्या तोंडाला टेकलेली असेल तर घर बहुधा जुनं, आत असेल तर नंतरचं. मात्र नुसत्या या एका खुणेवर साल ठरवू नये, कारण चौकटी बदलल्या जातात.

घराच्या आत एक गोष्ट रेक्टरीखेरीज दुसऱ्या घरात क्वचितच दिसते. धर्मगुरूकडे गावकरी येणार: लग्नाची नोंद, मदतीची याचना, धर्मकराची भांडणं. त्यांना कुटुंबाच्या खोल्यांतून न नेता अभ्यासिकेपर्यंत पोहोचवलं पाहिजे. म्हणून रेक्टरीत अभ्यासिका दाराजवळ असते आणि एकोणिसाव्या शतकात तिला बऱ्याचदा स्वतंत्र दारही मिळालं. एपवर्थमध्ये १७११-१२च्या हिवाळ्यात ही सीमा पुरती पुसली गेली. सॅम्युएल लंडनला गेले असताना सुसॅना रविवारी संध्याकाळी मुलांना प्रवचन वाचून दाखवत. ऐकायला शेजारी आले, मग त्यांचे शेजारी, आणि संख्या दोनशेपर्यंत गेली. जागा न उरल्याने लोक परत गेले असं त्या स्वतः लिहितात. नऊ-दहा मुलांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरात दोनशे माणसं! मेथडिस्ट चळवळीची बीजं इथे शोधतात, ते योग्यच आहे. आणि त्याला साधी, मोठी, जमिनीलगतची खोली कारणीभूत होती, हेही तितकंच खरं.

सॅम्युएल १७३५ मध्ये गेले आणि कुटुंबाला घर सोडावं लागलं. नवा रेक्टर आला की तो घराची पाहणी करवून घेई आणि मोडतोड भरून देण्याची रक्कम जुन्या रेक्टरकडे, तो वारला असेल तर त्याच्या वारसांकडे मागे. घरातला कर्ता माणूस गेलेला, घर सुटणारं, आणि वर दुरुस्तीचं बिल! या पद्धतीचा परिणाम इमारतींवर स्पष्ट दिसतो. म्हातारा होत चाललेला रेक्टर मोठी दुरुस्ती टाळतो आणि दिसणाऱ्या जागी रंग मारतो. तरुण रेक्टर आल्या आल्या काही तरी पाडून नवीन बांधतो. इंग्लंडमधल्या कित्येक रेक्टरींत पुढचा भाग एका शतकातला आणि मागचा त्याआधीचा असतो, त्याचं मूळ इथे आहे.

पैशाची वाट १७७६च्या कायद्याने थोडी मोकळी झाली. रेक्टरला आपल्या पदाच्या उत्पन्नावर दोन वर्षांच्या मिळकतीएवढं कर्ज काढून घर बांधायची मुभा मिळाली. आणि ते कर्ज पदावर असे, त्यामुळे हप्ते पुढच्या रेक्टरकडे जात. सॅम्युएलनी १७०९ मध्ये घातलेली रक्कम जवळपास या मर्यादेएवढी होती, पण त्यांना हा आधार नव्हता. १८३८च्या कायद्याने धर्मगुरूने आपल्या पॅरिशमध्येच राहावं असा धाक बसवला आणि घर नसेल तिथे बांधायला लावण्याचा अधिकार बिशपला दिला. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत इंग्लंडभर रेक्टरींची लाट आली. एपवर्थसारख्या घरांच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या सारखेपणाला तेव्हाच्या तरुण वास्तुविशारदांनी सोडचिठ्ठी दिली. पुजिनने डॉर्सेटमधल्या रॅम्पिशमची रेक्टरी १८४६-४७ मध्ये आणि बटरफील्डने ब्रिस्टलजवळच्या कोलपिट हीथचं व्हिकारचं घर १८४४-४५ मध्ये असं बांधलं की आतली खोली जशी असेल तशी खिडकी बाहेर दिसते. जिन्याची खिडकी जिन्यासारखी चढत जाते, धुराडं भिंतीबाहेर मोकळेपणाने उभं राहतं. आधुनिक घराचा विचार राजवाड्यांत नाही, तर या कर्जाऊ पैशांच्या धर्मगुरूंच्या घरांत घडला, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईकरांसाठी इथे एक खरा धागा आहे. हाच बटरफील्ड कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या आतल्या सजावटीचा रचनाकार, तिथल्या फरशा आणि वेदीमागचा पडदा त्याच्या आराखड्यावर झाले. आणि मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह व राजाबाई टॉवर ज्याने कागदावर उभे केले तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट स्वतः धर्मगुरूचा मुलगा, १८११ मध्ये बकिंगहॅमशायरच्या गॉकॉट गावात जन्मलेला.

आता दुरुस्तीकडे. एपवर्थच्या वयाच्या विटांच्या घरात काय बिघडतं आणि का, हे सांगायला मला जास्त वेळ हवा आहे.

अशी भिंत पाणी अडवत नाही, ती पाणी घेते आणि परत सोडते. जोत्यात ओल अडवणारा थर नाही, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. भिंत कोरडी राहते कारण विटांमधला चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र असतो, आत आलेली ओल त्यातून बाहेर पडते आणि क्षार सांध्यात साठतात. सांधा झिजतो, वीट वाचते. शंभर वर्षांनी सांधा खरवडून पुन्हा भरायचा, असा हा करार आहे. विसाव्या शतकात लोकांनी हा करार मोडला आणि झिजलेले सांधे सिमेंटने भरले. सिमेंट घट्ट, ओल बाहेर सोडत नाही. मग ओल विटेतून बाहेर पडते, क्षार विटेत स्फटिक होतात, हिवाळ्यात आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड उडतं. सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि विटा आत खचलेल्या, असं दृश्य कुठेही दिसलं तर कारण हेच.

दुरुस्ती अशी. आधी थापीने टोकरून पाहा, सिमेंटचा थर सुटा आहे का. विटेची कड तुटत असेल तर ते सिमेंट तिथेच राहू द्या, काढण्याने नुकसान जास्त. सांधा हातोडी आणि अरुंद छिन्नीने खरवडा, फिरती करवत नको, ती विटेत घुसते. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी. दहा मिलिमीटरच्या सांध्याला वीस-पंचवीस. ब्रशने धूळ काढा, पाणी शिंपडून विटा ओलसर करा, पाणी गळेल इतक्या नाही. माल एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग टोकदार कणांची, लहान-मोठ्या दाण्यांची वाळू. गोल, बारीक वाळू घेतली तर सांधा आकसून तडकतो. माल कोरडाच हवा, हातात दाबला तर गोळा राहावा. भरून झाल्यावर थोडा घट्ट झाला की ताठ ब्रशने ठोका, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत होतो आणि ओल सुटायला जागा वाढते. मग ओलं पोतं टांगून आठवडाभर ऊन-वाऱ्यापासून जपा. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम करू नका. उत्तर इंग्लंडमध्ये त्यामुळे ऑक्टोबर अखेर ते मार्च चुन्याचं काम बंदच समजावं. आपल्याकडे उलट, एप्रिलच्या उन्हात चुना वाळून भुगा होतो. शत्रू वेगळा, काळजी तीच.

पण सांध्यांना हात लावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेक ओल खालून नसते, वरून येते. पन्हळीत पानं अडकतात, सांडलेलं पाणी एकाच जागी भिंत भिजवतं आणि नेमक्या त्याच जागी भिंतीत बसवलेली तुळईची टोकं असतात. लाकडातली ओल वीस टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, अठराच्या खाली राहिली तर शेकडो वर्षं काही होत नाही. छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीत शिशाचा पत्रा असतो. तो उन्हात पसरतो, थंडीत आकसतो, म्हणून सलग लांबी दोन-अडीच मीटरपेक्षा जास्त ठेवू नये आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पायरी द्यावी. कंत्राटदार सांधे वाचवायला एकच लांब पत्रा टाकतात, तो काही वर्षांत सुरकुततो आणि फाटतो. पानगळीनंतर एकदा आणि वसंतात एकदा पन्हळ साफ करणं याइतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

बाहेरची जमीन हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. बागेची माती, फरसबंदी, रस्त्याचे थर यांनी जमीन तीनशे वर्षांत वर येते. ती आतल्या लादीपेक्षा दीडशे ते दोनशे मिलिमीटर खाली हवी. उकरताना मात्र जपून. अठराव्या शतकातल्या घरांचा पाया उथळ असतो, भिंतीलगत खोल चर खणला तर ओल जाईल आणि भिंतही जाईल.

तुळईचं टोक कुजलं असेल तर पूर्ण तुळई बदलायची घाई नको. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, भिंतीतल्या खाचेत टोकाभोवती हवेला जागा ठेवा. जुन्या ओकमध्ये मोठी भोकं दिसली तर भुंग्याची अळी. ती ओलसर, बुरशी लागलेल्या लाकडातच टिकते, म्हणून औषध फवारण्याआधी ओल तोडा.

वर-खाली सरकणाऱ्या खिडकीचं यंत्र सोपं आहे. दोन तावदानं, दोन्ही बाजूंच्या पोकळ पेटीत वजनं, दोरी आणि कप्पी. बिघाड तीन: दोरी तुटते, कप्पीवर रंगाचे थर चढून ती अडकते, आणि खालच्या तावदानाची आडवी पट्टी पाणी साचून कुजते. दुरुस्तीसाठी खिडकी सोडवताना आधी आतली कडेची पट्टी काढा, खालचं तावदान बाहेर घ्या, मग मधली बारीक पट्टी, मग वरचं तावदान. पेटीतली छोटी झडप उघडून वजन काढा. वरच्या तावदानाची दोन वजनं मिळून तावदानापेक्षा साधारण अर्धा किलो जड हवीत म्हणजे ते वर राहतं, खालच्याची अर्धा किलो हलकी म्हणजे ते बसतं. काच बदलून जाड घातली की हा तोल जातो, खिडकी धपकन पडते आणि दोष सुताराला दिला जातो. जुनी हाताने फिरवून केलेली काच थोडी लहरी असते, तिच्यावरचं प्रतिबिंब हलतं. ती काढू नका. पोटीन तापवून मऊ करूनच सोडवा.

बंद केलेली धुराडी हा एक वेगळा विषय. शेकोटी वापरायची थांबवली, वरचं तोंड सिमेंटने बंद केलं, की आत शंभर वर्षांची काजळी आणि क्षार ओल धरून बसतात आणि खोलीत भिंतीवर पिवळट डाग उमटतात. वर हवा येऊ देणारी टोपी आणि खाली छोटी जाळी ठेवली की हा त्रास जातो.

एपवर्थचं घर १९५०च्या दशकापर्यंत रेक्टरीच होतं. १९५४ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेने ते घेतलं, दुरुस्त केलं आणि १९५७ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. इतर शेकडो रेक्टरी साध्या बाजारात विकल्या गेल्या, कारण एका धर्मगुरूच्या पगारात दहा-बारा खोल्या तापवणं शक्य नव्हतं. मोडतोडीच्या रकमेची जुनी व्यवस्थाही १९७२च्या नियमाने संपली आणि दुरुस्तीची जबाबदारी धर्मप्रांताच्या मंडळाकडे गेली. एपवर्थचं घर संरक्षित यादीत पहिल्या श्रेणीत आहे. संरक्षित घरात, मग ते कुठल्याही श्रेणीत असो, त्याचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे. नवे मालक बहुतेक वेळा चूक करतात ती न विचारता केलेल्या उबदारपणाची. भिंतींना आतून प्लास्टिकचा थर आणि फोमचे तक्ते लावतात, खोलीतली वाफ थंड भिंतीवर तक्त्यामागे जमते आणि तुळईची टोकं न दिसता कुजतात. त्याऐवजी पोटमाळ्याच्या जमिनीवर लोकरीचा जाड थर घाला, छपराच्या कडेला वारा खेळता ठेवा, खिडक्यांच्या फटींना ब्रशची पट्टी लावा आणि आतून लाकडी झडपा बंद करायची सवय ठेवा. उष्णता वाचण्याचा मोठा भाग एवढ्यानेच होतो.

घर घेणाऱ्याने किंवा पाहणी करणाऱ्याने पहिली फेरी जोराचा पाऊस चालू असताना करावी. छत्री घेऊन घराभोवती फिरा, प्रत्येक उभ्या नळाच्या खाली थांबा, पाणी कुठून उतरतं आणि कुठून सांडतं ते आराखड्यावर खुणा करून घ्या, आणि मग आत जाऊन त्याच जागेच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहा.